अनसच्या आईचं नाव

दमनहूर शहरात कापूसबाजाराच्या मागच्या गल्लीत इन्शिराहमावशीचं पाळणाघर आहे. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि नऊ पोरं. नवरा गेल्यावर तिने ते सुरू केलं. स्वतःचं मूल नाही, तेव्हा लोक म्हणाले, हिला काय जमणार! बावीस वर्षं झाली, जमतंय. पोर चार वर्षांचं झालं की बालवाडीत जातं आणि मावशी त्याची चटई धुऊन पुढच्याला देते. त्यात रडण्यासारखं काय आहे, असं ती म्हणायची.

अनसच्या बाबतीत मात्र तिचं गणित चुकलं. त्याची आई नहला सरकारी दवाखान्यात नर्स, बाप सौदीत. चार महिन्यांचा होता तेव्हापासून तो मावशीकडे. आईची ड्यूटी लांबली की मुक्कामालाही तिथेच. मसुरीच्या सुपात भाकरी कुस्करून मावशीनेच भरवायची, दुसऱ्या कुणाच्या हातचा घास चालत नसे. त्याला बालवाडीत पाठवायचं म्हटलं की ही विषय बदलायची. तरी दोन महिने तिने त्याला रंग शिकवले, आकडे शिकवले, चड्डीचं बटण लावायला शिकवलं. कामात कुचराई करणारी बाई नव्हे ती.

मुलाखतीच्या दिवशी शाळेच्या अंगणात ही लांब रांग. जागा तीस, अर्ज दोनशे. इथल्या बालवाडीत गेलेलं पोर सरळ इथेच पहिलीत जातं, म्हणून सगळ्यांचा आटापिटा. नहलाने रजा काढली होती. अनस सोडेना म्हणून मावशीही आली.

त्यांचा नंबर आला तेव्हा शाळेतल्या बाईंनी विचारलं, "हा रंग कोणता?"

"हिरवा."

"वडिलांचं नाव?"

"रिदा."

"शाब्बास. आणि आईचं?"

अनसने मागे रांगेकडे पाहिलं. बाईंनी पुन्हा विचारलं. त्याने मान खाली घातली, कान लाल झाले.

"सांग ना राजा," नहला म्हणाली. "माझं नाव येतं ना तुला?"

छे. ढिम्म हलेना. मागे रांगेत धाकट्या भावंडांसोबत आलेली दोन मोठी पोरं एकमेकांना ढोसून हसली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, उद्या पोर कुठे हरवलं तर आईचं नाव तरी सांगता यायला हवं. लहान आहे अजून. राहू दे वर्षभर पाळणाघरातच."

मावशीला आनंद झाला. खोटं कशाला बोला, अगदी मनापासून झाला. अजून एक वर्ष! मग तिचं लक्ष नहलाकडे गेलं. ती ओठ दाबून उभी होती, डोळे भरलेले. पुढच्या वर्षी ही जागा कोण राखून ठेवणार होतं?

आणि मावशीला तर ठाऊक होतं पोर का बोलत नाही ते. गेल्या वर्षी दाराशी उभं राहून त्याने "नहला, नहला" म्हणून आईला हाक मारली होती. मावशीने कान धरून आत ओढला होता. आपल्याकडे आईचं नाव रस्त्यावर कुणी घेतं का रे? गल्लीतली पोरं तेच धरून जन्मभर चिडवतील तुला.

"त्याला येतंय हो बाई," मावशी म्हणाली. "लाजतोय तो. मीच दटावलं होतं, चारचौघांत आईचं नाव घ्यायचं नाही म्हणून."

बाई हसल्या. "अगं बाई, आत्तापासूनच का हे! पण मावशी, त्याच्या तोंडून यायला हवं. तुमच्या सांगण्यावर नाही लिहिता येत मला."

मावशी गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली. "इथे सांगायचं असतं, अनस. बाईंना चालतं."

"ती पोरं ऐकतील," तो कुजबुजला.

मावशी उठली, रांगेकडे वळली. साठीच्या बाईने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. "माझ्या आईचं नाव नबविय्या. ऐकलंत? हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं."

कुणी हसलं नाही. एक पोट सुटलेला बाप खाकरला आणि बुटांकडे बघत म्हणाला, "माझ्या आईचं इहसान." मग मात्र त्या दोन पोरांनीही माना खाली घातल्या.

अनसने आईचं बोट घट्ट धरलं. "नहला," तो म्हणाला. बाईंना पुढे वाकून ऐकावं लागलं, इतकं हळू.

बाईंनी लिहून घेतलं, शिक्का मारला. मग सहज मावशीकडे बोट करून विचारलं, "आणि या कोण?"

"इन्शिराहमावशी," अनस खणखणीत म्हणाला. फाटकापर्यंत ऐकू गेलं. मान वर, मागे वळून बघणं नाही की काही नाही.

मावशीला ते लागलं. जपायचं ते आईचं नाव पोराने जपलं होतं, आणि मावशी काही आई नव्हती. शिकवलं होतं तिनेच, आणि तो अगदी बरोबर शिकला होता.

तिने त्याची कॉलर सारखी केली. "चल गं," ती नहलाला म्हणाली, "मिळाली जागा."