कार्डामागची हिरवी सही

सिरोंच्याहून भद्रावतीला घरी जायचं म्हणजे अख्खा दिवस एसटीत मोडतो. आलापल्लीपर्यंतच हाडं खिळखिळी होतात, पुढचा प्रवास नुसता डोळे मिटून काढायचा. मी सिरोंच्याला कचेरीत कारकून आहे. दिवसभर खिडकीत बसून लोकांचे कागद तपासतो. यावर सही नाही, त्याची मुदत संपली, हे चालणार नाही, उद्या या. लोक माझ्यावर वैतागतात, मी लोकांवर वैतागतो, आणि संध्याकाळी दोघंही आपापल्या घरी जातो. चाळिशी उलटल्यापासून मला कशाचा म्हणून उत्साह राहिलेला नाही. एकाच गोष्टीचा होता आणि ती सांगायचीही लाज वाटते. लहानपणी च्युइंगमच्या पाकिटात निघालेलं क्रिकेटचं एक कार्ड.

कार्डं पुष्कळ होती. चंद्रपूरला मामाकडे गेलो की बसस्टँडसमोरच्या दुकानातून पाकिटं घ्यायची, गम चघळून थुंकायचा आणि कार्ड वहीत दाबून ठेवायचं. त्यातलं एका फास्ट बॉलरचं कार्ड आमच्या अख्ख्या वस्तीत माझ्या एकट्याकडे होतं. बाबा त्या सगळ्यांना पुठ्ठे म्हणायचे. “या पुठ्ठ्याईले कोन इचारते?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ते मी इतक्यांदा ऐकलं, की कार्डांकडे बघितलं तरी ते कानात वाजायचं.

बाबा कृषी खात्यात अधिकारी होते. आमच्या वस्तीतले पहिले राजपत्रित. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या शेतमजुराचा हा मुलगा, त्यामुळे त्यांच्या सहीचा वस्तीला केवढा तोरा! रविवारी विहारातली वंदना आटोपली की आमच्या ओट्यावर झेरॉक्स घेऊन आलेल्यांची रांग लागायची. बाबा मूळ कागद उजेडात धरून बघत, हात फिरवत, मग झेरॉक्सवर ‘खरी प्रत’ म्हणून हिरव्या शाईनं सही करत. चहा घेत नसत कोणाचा.

हल्ली जुनी कार्डं परदेशात तपासायला पाठवतात, हे मला मोबाईलवर कळलं. नागपूरचा एक जण गावोगावची कार्डं गोळा करून एकगठ्ठा पाठवतो. तिकडचे जाणकार भिंगाखाली कोपरे, कडा बघतात, ओरखडे शोधतात, चित्र बरोबर मधोमध छापलंय का तेही बघतात. मग दहापैकी गुण देऊन कार्ड कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. मला ते विकायचं नव्हतं. मला ती डबी बाबांच्या हातात द्यायची होती. छापील गुण त्यांना कळतात. त्यांनी एकदा म्हणावं, पोरानं चांगली वस्तू जपली. इतक्या वयाच्या माणसाला बापाकडून अजून हे हवं असतं, त्याला काय करणार?

मागच्या सुट्टीत मी कार्ड बाहेर काढलं. कडेनं धरून, चष्म्याच्या फडक्यानं हलकेच पुसून, पातळ पिशवीत घातलं. एक कोपरा सोडला तर नवंकोरं होतं. रविवारी कुरिअरवाला बंद आणि मला ड्युटीवर परत जायचं होतं. म्हणून बाबांना म्हटलं, “उद्या एवढं नागपूरला पाठवून द्या. परदेशात जाणार आहे. खरं आहे का खोटं, ते तपासतात तिथं.”

आठवड्याभरात नागपूरहून फोन आला. “भाऊ, मांगून हे काय लिवलं हाय?” पाठोपाठ फोटो. कार्डाच्या पाठीवर, छापील धावसंख्येच्या वरून, हिरव्या शाईत: ‘अस्सल आहे. मी स्वतः पाहिले.’ खाली बाबांची सही आणि कंसात ‘सेवानिवृत्त’. सही थरथरली होती, पण रेघ सोडून गेली नव्हती. नागपूरकर म्हणाला, याला आता गुण देत नाहीत, नुसतं खरं आहे एवढं लिहून डबीत बंद करतील, पाठवू का? मी म्हटलं, थांब.

माझं डोकं फिरलं होतं. कचेरीच्या मागे जाऊन बाबांना फोन लावला. “त्यावर सही कशाला केली तुम्ही?”

“काऊन? तिकडचे लोकं तुले वळखतेत काय?” बाबा शांतपणे म्हणाले. “कोनीतरी सांगाले पायजे ना, का हे खरं हाय म्हनून. बिना सहीचा कागद कोन मानते? तूच तर खिडकीत बसून वापस करतेस.”

एवढ्यावर ते थांबले नाहीत.

“तुह्या एकाही कागदावर मी सही नाई केली. ध्यानात हाय?”

ध्यानात होतं. घरच्यांचे कागद आपण करायचे नाहीत, हा त्यांचा कायदा. सगळ्या वस्तीचे कागद आमच्या ओट्यावर व्हायचे आणि मी, साहेबाचा मुलगा, सहीसाठी दवाखान्यात डॉक्टरसाहेबांच्या दारात उभा. तेव्हा फार राग यायचा.

“आता रिटायर झालो,” बाबा म्हणाले. “आता आपल्या पोराच्या कागदावर सही कराले मले कोनाचं भेव हाय? हिरवा पेन सापडत नोता, शेजारून आनला.” मग आवाज उतरवून, “काऊन रे, चालनार नाई काय ते?”

हे चालणार नाही, असं मी रोज दिवसभर म्हणतो. तोंडात बसलेलं आहे. त्या वेळी ते मला म्हणता आलं नाही.

“चालते ना,” मी म्हटलं. “चांगलं केलं तुम्ही.”

नागपूरहून कार्ड मी परत मागवून घेतलं. डबीत कायमचं बंद झालं असतं तर त्या अक्षरांवरून बोट फिरवता आलं नसतं. बाबांना हे सांगितलेलं नाही. त्यांनी मात्र विहारात सगळ्यांना सांगून टाकलंय, की पोरानं लहानपणापासून जपलेली वस्तू आता परदेशात तपासाले गेली, साधी गोष्ट नोहे. शेजारच्या काकू मला मुद्दाम फोन करून म्हणाल्या, तुहे बाबा किती कौतुक करून राह्यले. जे मला ऐकायचं होतं ते अखेर मिळालं, तेही न गेलेल्या कार्डासाठी. आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पण त्याचं ओझंही वाटतं.

दर रविवारी बाबा फोनवर निकाल विचारतात. परदेशातलं काम आहे, वेळ लागतो, असं मी सांगतो. परवा ते म्हणाले, “लागू दे वेळ. फक्त मी आहो तोवर निकाल लागला पायजे.”

“लागेल,” मी म्हटलं, आणि बीपीची गोळी घेतली का ते विचारलं.