गिरणी आणि मेंदूचा फोटो

मुलीच्या मेंदूचा फोटो काढायला पुण्याला गेलो, तेव्हा मी मनाशी एक ठरवून गेले होते. फोटोत गिरणीचा दोष निघाला तर गिरणी विकून टाकायची. गिऱ्हाईकही तयार होतं, शेजारच्या गावातलं. दोनदा येऊन मोटार चालू करून, दगडावर नख फिरवून बघून गेलं होतं. पुण्याहून आले की सांगते, असं मी त्याला म्हटलं होतं.

लोणीत आमची पिठाची गिरणी आहे. आधी सासरे चालवायचे. त्यांना दम्यानं धरलं तेव्हा मला तिसरा महिना होता. नवरा टोमॅटोची गाडी घेऊन रोज नारायणगावच्या मार्केटला, मग गिरणीवर बसणार कोण? सासूबाईंनी, म्हणजे मी ज्यांना आत्या म्हणते त्यांनी, किल्ली माझ्या हातात दिली. मला बरंच वाटलं. स्वयंपाकघरापेक्षा मला गिरणी कधीही चालते. बाळंतपणाच्या आदल्या दिवशीपर्यंत मी दळण टाकत होते.

मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलेना, हाक मारली तर बघेना. गिरणीच्या फिरत्या पट्ट्याकडे मात्र तासन्‌तास बघायची. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑटिझम आहे, स्वमग्नता. त्या दिवशी अंगणात बसून आत्या एवढंच बोलल्या, "त्या गिरणीच्या आवाजानंच झालं हे." त्यानंतर त्यांनी गिरणीत पाऊल टाकलं नाही. दर संकष्टीला ओझरच्या गणपतीला जायच्या आणि आल्यावर दिवसभर माझ्याशी बोलायच्या नाहीत. मी काय समजायचं ते समजले. सात वर्षं आम्ही एका चुलीवर जेवलो, पण गिरणीचं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नाही.

वाईट याचं वाटायचं की मलाही ते पटायला लागलं होतं. आणि मुलगी तर गिरणीतच सगळ्यात शांत असायची. शाळेत कानावर हात घेऊन ओरडणारी पोर इथे पोत्यावर मांडी घालून बसायची, पापण्यांवर पीठ. तिचं एक काम ठरलेलं. दळण संपलं, मी मोटार बंद केली की उठायचं, पीठ पडायची कापडी नळी झटकायची, भरलेला डबा बाजूला सरकवायचा आणि दुसरा लावायचा. यात आजवर चुकली नाही. आणि मध्येच लाईट गेली तर उठायचं नाही. मी म्हणायचे, "लाईट गेलीय, डबा भरायचाय." मग ती दोन्ही हात डब्याच्या कडेवर ठेवून बसायची, लाईट येईपर्यंत. आमच्याकडे थ्री फेज लाईटचा काही भरवसा नाही, त्यामुळे हा सराव तिला भरपूर.

मंचरला तिला थेरपीला नेतो तिथे पुण्याहून एक तरुण डॉक्टरबाई आल्या. म्हणाल्या, ऑटिझमची मुलं, एडीएचडीची म्हणजे अतिचंचल मुलं, आणि ज्यांना यातलं काही नाही अशी मुलं, सगळ्यांच्या मेंदूचे फोटो आम्ही घेतोय. एकट्या पुण्याचं हे काम नाही. आणखी कितीतरी शहरांतले डॉक्टर एकाच पद्धतीनं फोटो काढणार आणि ते एकत्र ठेवून बघणार. फॉर्म त्यांनी मला पूर्ण वाचून दाखवला. त्यात होतं की एकट्या मुलीचा असा रिपोर्ट मिळणार नाही. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर ऐकलं काहीच नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त गिरणी होती.

नवऱ्यानं मार्केटला एक दिवस दांडी मारली आणि आम्हाला नेलं. मशीनच्या खोलीत धातू चालत नाही. मुलीचे पैंजण निघाले, माझं मंगळसूत्र निघालं, जोडवी काही निघेनात. शेवटी बेसिनपाशी साबण लावून काढली. डॉक्टरबाई आवाजाचीच काळजी करत होत्या. मुलं आवाजाला घाबरतात, रडतात, म्हणून त्यांनी आधी कापडाच्या बोगद्यात झोपवून स्पीकरवर तो आवाज ऐकवला. आमची पोर बोगद्यात आरामात पडून राहिली. मी म्हटलं, "मॅडम, आवाजाचं सोडा. आवाजात तर ती वाढलीय."

कानात बोळे, वर हेडफोन, डोक्यावर पिंजऱ्यासारखी जाळी. मला तिच्या पायाशी खुर्ची दिली होती. मशीन सुरू झालं, धडधड, घरघर, आणि पोर दगडासारखी स्तब्ध. काचेपलीकडून डॉक्टरबाईंनी अंगठा दाखवला. मला कोण अभिमान वाटला! आणि मशीन थांबलं. एक फोटो झाला की दुसरा सुरू होईपर्यंत ते थोडं थांबतं. त्याबरोबर पोर उठायला लागली. डोकं जाळीला आपटलं, हात बाजूला काहीतरी शोधायला लागले. पुन्हा झोपवलं. पुन्हा मशीन सुरू झालं, पोर शांत. पुन्हा थांबलं, पोर उठली. चार वेळा हेच झालं. आवाज थांबला की का उठते, हे तिथल्या कुणालाच उमगेना. मला पहिल्याच वेळी उमगलं होतं. ती डबा शोधत होती.

पण मी तोंड उघडलं नाही. मला वाटलं, बघा, इथेही गिरणी आडवी आली. आत्यांचंच खरं.

डॉक्टरबाई म्हणाल्या की असे हललेले फोटो बाकीच्यांत घेता येत नाहीत. पुढच्या महिन्यात आणखी एकदा बघू, नाही जमलं तर राहू दे. परतीच्या वाटेवर राजगुरुनगर मागं पडलं. मग मी नवऱ्याला डब्याचं सांगितलं. तो गाडी चालवता चालवता म्हणाला, "मग तिला सांगायचं ना, लाईट गेलीय म्हणून."

मला इतकं सोपं सुचलं नव्हतं याचाच राग आला.

दुसऱ्या खेपेला मी डॉक्टरबाईंना म्हटलं, मशीन थांबलं की तुमच्या त्या माइकवरून मला बोलू द्या. यावेळी मी काचेपलीकडे बसले. मशीन थांबलं. मी माइकमध्ये म्हटलं, "लाईट गेलीय, डबा भरायचाय." पोरीनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि तशीच पडून राहिली. दर थांब्याला मी तेच म्हणत गेले. शेवटपर्यंत हलली नाही. मशीन चालवणारा माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, लाईट गेली असं इथे म्हणू नका हो, माझ्या पोटात गोळा येतो." सगळे हसले. मीही हसले, आणि डोळे पुसले.

पैंजण घालता घालता मी डॉक्टरबाईंना विचारलं, "फोटोत गिरणी दिसली का?"

त्यांना कळेना. मग मी सगळं सांगितलं, तिसऱ्या महिन्यापासून. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "एका फोटोवरून कारण कळत नाही, ताई. म्हणून तर इतके गोळा करतोय. पण गिरणीवर बसल्यानं ऑटिझम होतो, असं कुठेही दिसलेलं नाही. ते बरंचसं आनुवंशिक, मूल पोटात असतानाच रक्तातून आलेलं असतं. तुमच्या हातून काही झालेलं नाही."

अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल त्यांना हे सांगायला. मला रडू आलं, पण ते आनंदाचं नव्हतं. चीड आली होती. सात वर्षांत मंचरच्या डॉक्टरांकडे मी शंभरदा गेले असेन, आणि हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. होय म्हणाले असते तर, या भीतीनं.

घरी पोचलो. आत्या ओट्यावर शेंगा निवडत होत्या. मी वाकड्यातच शिरले. म्हटलं, "गिरणीनं काही झालेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. गिऱ्हाईकाला फोन करून नाही म्हणते मी आत्ता."

आत्यांचे हात थांबले. "नक्की म्हनल्या त्या?"

"नक्की."

त्यांनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "किल्ली मीच दिली व्हती तुज्या हातात. पोटुशी व्हतीस तू. सात वर्सं त्येच्याफुडं नाक घासलं ओझरला, पर तुज्याफुडं तोंड उघडाया धीर झाला न्हाई."

सात वर्षं ज्या ठपक्यासाठी मी त्यांच्यावर धुमसत होते, तो त्यांनी कधी माझ्यावर ठेवलाच नव्हता, स्वतःवर ठेवला होता. मी तिथेच गिऱ्हाईकाला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला घेऊन गिरणी उघडली. थोड्या वेळानं दारात आत्या, काखेत बाजरीचा डबा. इकडेतिकडे बघत पोत्यावर टेकल्या. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण डबा घेऊन नळीखाली लावला. मी बाजरी ओतली. निम्मं दळण झालं आणि लाईट गेली.

आत्या उठायला लागल्या. "जाते गं मी, येईन मागनं."

मुलीनं त्यांचा हात धरला, खाली ओढला आणि डब्याच्या कडेवर ठेवला. वर आपला हात ठेवला. लाईट यायला पाऊण तास लागला. आत्या उठल्या नाहीत.