काळ्या डोक्याची जळू

डेल्मर क्विस्टला मी नोकरीवर ठेवलं तेव्हा गावातल्या निम्म्या बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांचं काही चुकत नव्हतं. लाकूडगिरणीत असताना त्याने ओंडके ओढायच्या आकड्याने एकाचा जबडा फोडला होता आणि त्यापायी चार वर्षं तुरुंगात काढली होती. त्याच्या आधीची वीस वर्षं तो बायकोला मारत होता. लोइस माझी मैत्रीण. तिच्या मनगटाला मी स्वतःच्या हाताने फळी बांधलेली आहे. ती कॅन्सरने गेली तेव्हा हा आत होता, आणि मला तेव्हा वाटलं होतं की बरं झालं, निदान शेवटचे दिवस तरी शांततेत गेले.

तरी ठेवलं. त्याच्यासारखी गळाची जळू बांधणारा माणूस आयडाहोत दुसरा नव्हता आणि मी दुकान चालवते, चर्च नव्हे.

दुकान क्रेन तळ्याच्या धक्क्याला लागून आहे. या तळ्यातला ट्राउट मासा जळवांवर पोसतो, म्हणून आम्ही गळावर लोकर आणि टर्कीची मऊ पिसं बांधून नकली जळू करतो. ती तळाशी जायला हवी, म्हणून पिसांच्या आत शिशाची तार गुंडाळायची. डेल्मरची तुटकी, वाकडी, कुणाकुणाच्या दातांवर आपटून बसकी झालेली बोटं हे काम करायला लागली की बघत राहावं. तार गुंडाळायची, लोकर पिळायची, दोन नखांत पीस धरून असं बसवायचं की पाण्यात ते श्वास घेतल्यागत हलावं. दिवसाला चाळीस जळवा. त्याच हातांनी लोइसचं मनगट मोडलं होतं हे मी विसरायची नाही, पण बघायची.

शिसं आत गेलं की बाहेरून दिसत नाही. म्हणून डोक्याशी जो दोरा संपतो, त्याचा रंग ठरलेला. लाल डोकं म्हणजे जड, काळं डोकं म्हणजे बिनशिशाची. हलकी जळू डोक्यावरून सपासप फिरवून फेकता येते. जड जळू तशी फेकायला गेलात तर मागे जाताना खाली पडते आणि पुढे येताना गोळीसारखी येते. अशी जळू गळाची काठी आडवी धरून एकदाच, सावकाश टाकायची, आणि होडीत दुसरं कुणी असेल तर त्याने मान खाली घालायची. ऑक्टोबरात बोटं गारठून लाकूड झालेली असतात, वजन हाताला कळत नाही. डोळा रंग बघतो आणि हात तशी फेक करतो. तीन वर्षांत डेल्मरचा रंग एकदाही चुकला नव्हता.

तुरुंगातून त्याला अटीवर सोडलं होतं. कुणावरही हात उचलला की उरलेली सहा वर्षं आत. एकसष्ट वर्षांच्या माणसाला सहा वर्षं म्हणजे तिथेच मरायचं. म्हणून तो दारू प्यायचा नाही, गुत्त्यासमोरून जायचा नाही, कुणी शिवी दिली तर खाली बघायचा. गाव म्हणायचं, माणूस सुधारला. मी म्हणायचे, बांधलेला कुत्रा आणि शहाणा कुत्रा यांत फरक असतो.

त्याची एकुलती एक मुलगी नेडीन. तिचा नवरा ट्रॉय हॅस्केल खडीचा ट्रक चालवायचा. आईची नियती पोरीच्या वाट्याला आली म्हणतात तसं झालं. उन्हाळ्यात नेडीनच्या बरगड्या गेल्या, सप्टेंबरच्या शेवटी डावा हात. शेरीफचा माणूस घरी गेला की ती म्हणायची, पायरीवरून पडले. त्याने वहीत तसं लिहायचं आणि निघून जायचं.

डेल्मरला एकच गोष्ट हवी होती. पोरीने त्या घरातून बाहेर पडावं. दर रविवारी तो तिच्या दाराशी जायचा आणि ती दार न उघडता सांगायची, "बाबा, तुम्ही कोण मला सांगणार?"

सोमवारी ट्रॉय दुकानात आला. जावई म्हणून डेल्मरच्या टेबलावरच्या जळवा उचलून न्यायचा त्याला हक्कच वाटायचा.

"काय म्हाताऱ्या, माल तयार?"

"हाताला काय झालं तिच्या?" डेल्मरने मान वर केली नाही.

"पडली. तुमच्या घरात बायका पडतातच की. सासूबाई तर रोज पडायच्या म्हणे."

मासे मारायचा सोटा माझ्या हाताशी असतो. मी तो गल्ल्यावर ठेवला. "ट्रॉय, दाराला कुलूप नाहीये. नीघ."

"थांब ग ओपल, घरचं बोलणं चाललंय." त्याने टेबलावर वाकून आपला गाल डेल्मरच्या तोंडासमोर धरला. "मार ना. एकच. इथे. मार, आणि जा सहा वर्षं. मग तिला विचारायला कोण येणार? ही?"

डेल्मरच्या बोटांतला दोरा तटकन तुटला. करंगळीवर रक्त आलं. त्याने नवीन दोरा ओवला. ट्रॉय हसला, चार जळवा खिशात टाकल्या आणि जाताना दाराला लाथ घातली.

अर्धा तास गेला. मग मी बघितलं. त्याने जाड गळ लावला आणि शिशाची तार गुंडाळायला लागला. नेहमीचे पंधरा वेढे झाले, तरी थांबेना. त्यावर दुसरा थर चढला. वरून लोकर, पिसं, सगळं एकदम सुबक. आणि डोक्याला दोरा काळा.

"डेल्मर, रंग," मी म्हटलं.

"माहीत आहे."

अशा सहा बांधल्या. तळहातावर घेतली तर कुणालाही कळलं असतं, पण तळहातावर कोण घेतं?

"तो एकटाच जातो ना पाण्यावर?" मी विचारलं.

"नेहमी. शनिवारी वारा आहे."

मी कॉफी करायला आत गेले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ट्रॉयच्या कवटीवर ती जळू कशी बसेल याचा आवाजसुद्धा मी मनात ऐकला. पोलिसाने विचारलं असतं तर म्हटलं असतं, म्हातारा आहे, चुकला दोरा.

शुक्रवारी ट्रॉयने सहाही उचलल्या.

शनिवारी सकाळी मी दुकान उघडत होते तेव्हा त्याचा ट्रक धक्क्यावर आला. दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि गळ्यात हात अडकवलेली नेडीन उतरली. मारल्यावर दोनएक आठवड्यांनी त्याला प्रेमाचा उमाळा यायचा, मग तिला कुठे कुठे फिरवायचा. हे मला माहीत असायला हवं होतं. लोइसलाही डेल्मर असाच फिरवायचा.

डेल्मर टेबलावरून उठला तो खुर्ची पाडूनच. धक्क्याच्या टोकाला पोचेपर्यंत होडी वीस हात पुढे गेली होती.

"ट्रॉय, काळ्या डोक्याच्या लावू नको! त्या लावू नको!"

वारा तोंडावर होता. ट्रॉयने कानामागे हात धरला, मग त्याला कळलं आणि तो खदखदा हसला. "म्हाताऱ्याचा जीव अडकलाय त्यांच्यात," तो नेडीनला म्हणाला, हे तिनेच मला नंतर सांगितलं. "म्हणजे त्याच लावायच्या."

डेल्मरने माझी वल्ह्यांची होडी सोडली. इंजिनाच्या होडीमागे वल्ही मारत तो असा गेला की एक वल्हं मधेच कडकन मोडलं. मी धक्क्यावर उभी राहून बघत होते. ट्रॉयने नांगर टाकला. नेडीन मागच्या फळीवर, तो पुढे. काहीतरी भांडण झालं असावं, कारण त्याने एकदा वळून तिच्याकडे हात झटकला. मग त्याने काठी उचलली आणि हलक्या जळूसारखी डोक्यावरून फिरवली, एकदा, दोनदा.

किंचाळी वाऱ्याबरोबर थेट धक्क्यापर्यंत आली. जळू तिच्या उजव्या डोळ्यात रुतली होती. आणि ट्रॉयला वाटलं गळ कशात तरी अडकला, म्हणून त्याने पुढे हिसका दिला.

डेल्मर पोचला तेव्हा त्याने उरलेलं वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेलं मला दिसलं. ट्रॉय होडीच्या तळाशी आडवा झाला, हात तोंडावर. मग डेल्मरने न मारताच वल्हं टाकलं, ट्रॉयच्या अंगावरून पलीकडे गेला आणि दातांनी गळाची दोरी तोडली. दोघांनी मिळून तिला आणलं. एकाने खांदे धरले होते, एकाने पाय. फळ्यांवर रक्त सांडत होतं आणि ती "आई, आई" म्हणत होती, जी आई पाच वर्षांपूर्वी गेली.

इस्पितळ दोन तासांवर. डोळा गेला.

डेल्मर त्याच संध्याकाळी शेरीफकडे गेला आणि म्हणाला, मी मुद्दाम केलं. शेरीफ म्हणाला, "दोरा चुकीचा लावणं हा गुन्हा कुठल्या पुस्तकात आहे ते मला दाखव. घरी जा, डेल्मर. झोप."

तिसऱ्या दिवशी मी इस्पितळात नेडीनच्या खोलीत बसले होते. अर्धं डोकं पट्टीत. ती हळू बोलत होती, पण आवाजात मी कधीच न ऐकलेलं काहीतरी होतं.

"त्याने मुद्दाम मारली, ओपलमावशी. वळून बघितलं माझ्याकडे आणि मग फेकली. आता रडतोय, माहीत नव्हतं म्हणतोय. मी थुंकले त्याच्या तोंडावर." तिने पट्टीला बोट लावलं. "हात मोडला, बरगड्या मोडल्या, ते मी सोसलं. डोळा नाही. स्पोकेनला आईची बहीण आहे. उद्या तिच्याकडे जाते. परत नाही यायची."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी बाहेर आले. डेल्मर बाकावर बसला होता, टोपी गुडघ्यावर. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "सुटली ती. आता तू तोंड उघडलंस तर मी तुझा जीव घेईन."

"मी तिला सांगणार आहे."

"वेड लागलंय का तुला?"

"लोइसला मी वीस वर्षं सांगत होतो, तू पडलीस," तो म्हणाला. "रोज सांगत होतो. शेवटी तिला खरंच वाटायला लागलं होतं की ती पडते."

"हे तसं नाही."

"तसंच आहे, ओपल."

मी त्याची बाही धरली. त्याने मला भिंतीवर असं ढकललं की खांदा महिनाभर निळा होता. तीन वर्षांत त्याने उचललेला तो पहिला हात. सत्य बोलायला या माणसाला आयुष्यात एकदाच मुहूर्त सापडला, आणि तोही हा.

मी मागोमाग आत गेले. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून बोलला. शिसं किती, थर किती, दोरा काळा का. काहीही लपवलं नाही, फक्त माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही, आणि अजून घेतलेलं नाही.

नेडीन छताकडे बघत होती.

"म्हणजे ट्रॉयला माहीत नव्हतं."

"नाही. पण पोरी, त्याने तुझा हात..."

"हात कुणी मोडला ते मला माहीत आहे. मी होते तिथे." तिने मान त्याच्याकडे वळवली, उरलेल्या डोळ्याने बघायला पूर्ण वळवावी लागली. "बाबा, तुम्ही आईला मारायचात ते समोर उभं राहून मारायचात. ट्रॉयही समोरून मारतो. हे काय होतं?"

मग तिने माझ्याकडे बघितलं.

"ओपलमावशी, ट्रॉयला फोन लाव. म्हणावं, येऊन ने मला."

"स्पोकेनला लावते," मी म्हटलं.

"ट्रॉयला."

मी खूप बोलले. आईची शपथ घातली, रडले, शिव्या दिल्या. ती पुन्हा छताकडे बघायला लागली. शेवटी मी फोन उचलला. नंबर मला पाठ नव्हता. तो डेल्मरने सांगितला.