वीस म्हणजे वीस

माझे भावोजी घरोघरी हीट पंप बसवत. बाहेरच्या गारठ्यातून ऊब ओढून घरात आणणारं यंत्र. गिऱ्हाईक म्हणे, "थंडीतून ऊब? कुणाला शेंड्या लावता?" मग भावोजी तासभर समजावत, आणि गिऱ्हाईक निव्वळ सुटका व्हावी म्हणून पंप बसवून घेई.

काम झालं की भिंतीवरच्या कंट्रोलवर ते वीसचा आकडा लावत, कोड टाकून तो कुलूपबंद करत आणि बजावत, "आता हात लावायचा नाही. सारखं कमी-जास्त केलंत तर पंप दमतो." लोक त्यांना 'वीससाहेब'च म्हणत.

घरी तर कायदा आणखी कडक. माझी ताई थंडीची कच्ची.

"अहो, दोनच डिग्री वाढवा ना."

"स्वेटर घाल."

"दोन घातलेत."

"मग तिसरा घाल! गावाला शहाणपण शिकवतो आणि माझ्याच घरी बावीस?"

पण त्याच घरात एक गूढ होतं. भावोजी कामावरून परतले की कंट्रोलवर वीसच लावलेलं असे आणि खोली मात्र तेवीसवर. त्यांनी सेन्सर दोनदा बदलला, पंपाचं अंगणातलं खोकं तीनदा उघडलं. शेजारी ताई टॉर्च धरून उभी.

"सापडलं का हो काही?"

"गप्प उभी राहा."

मग ताई आजारी पडली आणि दुखणं वाढतच गेलं. शेवटचे दोन महिने भावोजी कामं सोडून तिच्या उशाशी बसले. त्याच सुमारास पंप आपोआप सुधारला. वीस म्हणजे वीस! येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हे कौतुकाने सांगत. ताई पांघरुणातून नुसती हसे.

ती गेल्यावर भेटायला आलेल्या भावोजींच्या वहिनी बोलून गेल्या, "शेवटपर्यंत गारठ्यात ठेवलंत हो बिचारीला."

महिन्याभराने मी गेलो, तर भावोजी घरातच कोट घालून कंट्रोलसमोर बसलेले.

"खरं सांग," ते म्हणाले. "मी गारठवलं का रे तिला?"

ताईने मला शपथ घातली होती. ती मी मोडली. "छे हो! तुम्ही बाहेर पडलात की ती ओलं फडकं कंट्रोलवर टाकायची. आतल्या सेन्सरला वाटायचं, खोलीच गार पडलीय. तुमची गाडी वाजली की फडकं काढायची."

"रोज?"

"अकरा वर्षं."

"आणि वर टॉर्च धरायची! लबाड!" ते खदखदून हसले. मग हसू मध्येच तुटलं. मी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"म्हणजे मी घरी नसलो की तिला ऊब मिळायची," ते हळूच म्हणाले. "आणि शेवटचे दोन महिने मी हललोच नाही. 'वाढवा' असं एकदाही म्हणाली नाही रे. मला वाटलं, सवय झाली."

दुसऱ्या दिवसापासून ते जुन्या गिऱ्हाइकांची दारं वाजवू लागले. आत जायचं, कंट्रोलचा कोड काढून टाकायचा आणि निघायचं. एका घरी मी सोबत होतो. तिथल्या आजोबांनी घाबरून विचारलं, "अहो वीससाहेब, पण पंप दमला तर?"

भावोजी जिना उतरता उतरता म्हणाले, "दमू दे."