चेंगरलेल्या हाताची टक्केवारी

कुठलं बोट तुटलं तर किती टक्के नुकसान, हे कायद्यात छापलेलं असतं, हे मला वकिलांच्या टेबलावर कळलं. मी ती यादी दोनदा वाचली. अंगठ्याला भाव जास्त, करंगळीला कमी. मोठी गंमत वाटली. पण चाकणच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसखाली माझा उजवा पंजा नुसता चेंगरला होता, तुटलं काहीच नव्हतं. मग माझं कसं ठरणार?

"चेंगरलेल्याचं डॉक्टर ठरवतात," वकील म्हणाले. "पगार, वय आणि ते टक्के, यावरून भरपाई. हात आहे तसाच दाखवा."

आता आमचं डोकं बघा! आठ महिने मी मोशीच्या घरात मूठ वळायची सवय करत होतो, का तर कंपनीनं परत मशिनवर घ्यावं. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी पेन उचलायला सांगितलं. मी उचललं, टोपण लावलं, वर शर्टाची बटणंही लावून दाखवली. घामाघूम झालो राव, पण लावली. डॉक्टर "छान" म्हणाले आणि मी खूश!

टक्के आले बारा.

"तुमी काय परीक्षेला गेलावता का?" बायको कडाडली. "घरी भाताचा घास धरता येईना, अन् तिथं बटणं लावत बसला!"

वकील म्हणाले, हाताचे टक्के वेगळे आणि कमाईचे वेगळे. त्या हातानं तुमचं नेहमीचं काम होतं का, तेही कोर्ट बघतं. एकाच हाताला दोन मापं? मला नवलच वाटलं.

कामगार न्यायालयात माझी साक्ष झाली. बायको मागच्या बाकावर बसली होती. डॉक्टरांनी बटणांचंही कागदावर लिहिलं होतं. तो कागद दाखवून कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "बटणं लावता, म्हणजे प्रेसही चालवता येईल ना?"

"व्हय" म्हणायला जीभ शिवशिवत होती. चौदा वर्षं मी प्रेस ऑपरेटर. नवीन काम लागलं की सुपरवायझर आधी मला हाक मारायचे. हो म्हटलं की भरपाई गेली, आणि नाही म्हटलं की ते मशिन कायमचं गेलं.

"न्हाई," मी पुटपुटलो.

"मोठ्यानं बोला," न्यायाधीश म्हणाले, "लिहून घ्यायचंय."

मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मला आता प्रेस चालवता येत नाही, आणि तिथंच मला रडू फुटलं.