दोन सूर्यांचा मध्य
२०१८ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि पितळ कापल्याचा वास आला की त्या वर्षाचा राग आजही डोक्यात चढतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नातीला दोन सूर्य हवे होते. आपल्या जवळच्याच आकाशात असे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, त्यांना ग्रहही आहेत, असं तिनं मला सांगितलं. मुंबईत साकीनाक्याच्या कारखान्यात माझा सगळा जन्म लेथवर गेलेला, मला काय कठीण? पितळेचा एक मोठा गोळा कातला, एक लहान, दोन्ही एका दांडीला लावले, आणि ग्रह म्हणून सायकलचे छर्रे. दांडी जिच्यावर फिरते ती खीळ मोठ्या गोळ्याच्या जवळ घेतली, तेव्हा कुठे ते न थरथरता गरगर फिरलं. प्रदर्शनात शाळेचेच परीक्षक सर म्हणाले, "आजोबा, खीळ मधोमध हवी. चुकलंय हे." मी म्हटलं, "वजन सारखं नाही ना, मधोमध कशी चालेल?" "शिकलात किती?" "चौथी." "तरीच!" आजूबाजूचे पालक हसले, नातीचा नंबर गेला आणि ती घरापर्यंत रडत आली. चौथी शिकलेल्याच्या हाताला वजन कळत नाही काय? दुसऱ्या दिवशी सकाळी दांडीला बरोबर मधोमध भोक पाडलं, खीळ तिथं बसवली, शाळेत जाऊन ते सरांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "घ्या, आता तुमच्या हातानं फिरवा."