थेट बस चुकू न देणाऱ्या मंदाबाय

मंदाबायंशी माझी पहिली ओळख झाली आणि आठ दिवसांत एका खुर्चीवरून बिनसले.

मी मूळचा डिचोलीचा, खनिजाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर. अपघातात उजवा पाय गुडघ्याखालून गेला. वर्षभर घरी बसल्यावर पेडण्याच्या एका काजू कारखान्यात काम मागायला गेलो. श्रीमती मंदाकिनी गवस, म्हणजे आम्हा कामगारांच्या मंदाबाय, तिथे पर्यवेक्षक होत्या. त्यांनी मला लगेच घेतले आणि दारापाशी खुर्ची, आमच्या बोलीत कदेल, टाकून बसवले. येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवायचे, एवढेच काम. दारावर राखणदार होताच, मी त्या राखणदाराचा राखणदार झालो. आठव्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "बाय, ह्यां काम न्हय, ही दया."

त्यांनी त्या खुर्चीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "माझां चुकलां. कदेल दिली म्हणजे काम दिलां, असां न्हय."

दुसऱ्या दिवशी मी काजूगरांच्या प्रतवारीच्या टेबलाशी होतो. अख्खे गर एकीकडे, पाकळ्या दुसरीकडे, तुकडे तिसरीकडे. जयपूर फूट टेकायला टेबलाखाली लाकडी खोका होता, तोही माझ्या मापाचा. माझ्यासारख्या कामगारासमोर चूक कबूल करणारे वरिष्ठ मी तोवर पाहिले नव्हते, म्हणून त्यांच्या गुणांत हा पहिला लिहितो.

पुढची चूक माझी. लंगडा म्हणून कोणी बोट दाखवू नये, या हट्टाने मी दोघांचे काम एकटा करू लागलो. सुटी घेत नव्हतो. बाकीचे कामगार गेल्यावर निघत होतो. पेडण्याहून डिचोलीला थेट बस एकच, साडेचारची. ती रोज चुके. मग म्हापशाला उतरून दुसरी बस धरायची, तीही बहुतेक उभ्यानेच. घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असे. बायको बोलायची, मी ऐकायचो नाही. तुटलेल्या पायाच्या टोकाला जखम झाली, ती चिघळली, आणि मी ती कारखान्यात कोणाला कळू दिली नाही. कळली तर काढून टाकतील, ही भीती. शेवटी दुखणे सोसेना, तेव्हा राजीनामा लिहून मंदाबायंपुढे ठेवला. घर माझ्या पगारावर चालत होते, आणि एका पायाच्या ड्रायव्हरला दुसरे काम कोण देणार, हे मला चांगले ठाऊक होते.

त्यांनी कागद उघडलाही नाही. विचारले, "तू घराक किती वाजता पावतंस?"

"आठ, कधी नऊ."

"मगे चेडवाक बघतंस कधी?"

चेडू म्हणजे माझी मुलगी. त्या संध्याकाळी त्या माझ्याबरोबर निघाल्या. म्हापशाच्या स्टँडवर माझ्याबरोबर गर्दीत थांबल्या, डिचोलीपर्यंत उभ्याने आल्या, घरी चहा घेतला, बायकोकडून जखमेचे ऐकले, झोपलेली मुलगी पाहिली आणि भाड्याच्या गाडीने परत गेल्या. वाटेत एक शब्द सहानुभूतीचा बोलल्या नाहीत. मला त्याचे बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी आधी मला डॉक्टरकडे धाडले. मग मालकांकडे जाऊन माझी वेळ बदलून घेतली: सकाळी तासभर लवकर यायचे आणि सव्वाचारला उठायचे. मालक नाराज होते. "शिकलेलो माणूस घालवून नवो शिकवचो, तां काम माझ्यावर पडता. तीन महिने माका दिया," असे मंदाबायंनी त्यांना सांगितल्याचे मागून कळले. टेबलावरच्या बायकाही कुरकुरल्या: "त्याका सवलत, मगे आमका कित्याक ना?" मंदाबाय त्यांच्यावर रागावल्या नाहीत. प्रश्न बरोबर आहे म्हणाल्या, आणि एकेकीला बोलावून घरी कोण आजारी, कोणाचे मूल लहान, ते विचारून दोघींच्या वेळाही बदलल्या. त्यानंतर कुरकुर थांबली.

मला मात्र त्यांनी फैलावर घेतले. "तू सुटी घेणंस नाय, दोगांचां काम करतंस. उद्या तुझ्यासारखो दुसरो इलो, की लोक त्याच्याकडेय तितकांच मागतले. तो खंयसून दितलो?" ज्याला मी स्वाभिमान समजत होतो, तो माझ्यामागून येणाऱ्याच्या वाटेतला धोंडा होता. खरे सांगायचे तर त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला. पटायला काही महिने गेले.

थेट बसने मी पहिल्यांदा घरी गेलो, तेव्हा मुलगी पायरीवर खेळत होती. मला बघून घाबरली. "बाबा, तुमका कामावरसून काडलां?" मी पाठमोरा होऊन चपला काढत बसलो, कारण डोळे भरले होते.

माझ्यासारखे आणखीही काही जण त्यांनी कामाला घेतले, पण सगळेच टिकले असे नाही. ऐकू न येणारी एक मुलगी वर्षाच्या आत सोडून गेली. काम तिला उत्तम येत होते, पण जेवणाच्या सुटीत तिच्याशी कोणी बोलत नसे. मंदाबाय ते अपयश स्वतःचे मानतात आणि अजून तिचे नाव घेतात. त्यांच्या तोंडून शाबासकी मात्र कोणी फारशी ऐकलेली नाही. तोंडाने फटकळ आहेत, हेही लिहायलाच हवे.

आता त्यांची साठी झाली आहे आणि त्या निवृत्त होत आहेत. सत्कार संध्याकाळी सहाला ठरला होता. मंदाबायंनी विचारले, "मगे लोक घराक कधी पावतले?" कार्यक्रम दुपारी दोनला आला.

हा लेख लिहिताना माझ्या ध्यानात आले की हा प्रश्न त्यांनी आम्हा प्रत्येकाला विचारला, पण त्यांना कोणीच विचारला नाही. कारखान्याला कुलूप त्याच लावत, आणि पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या, मोटरसायकलवर मागे बसून शेवटी जात. गेल्या आठवड्यात मी विचारले, "बाय, तुमी घराक किती वाजता पावतात?"

त्या हसल्या. "उजेड आसताना? आठवणा नाय रे."

देव त्यांना भरपूर आयुष्य देवो आणि त्यांचे गुडघे शाबूत ठेवो. सत्काराच्या दिवशी कुलूप मी लावणार आहे. साडेचारच्या आत त्यांना घरी पोचवायचे, असे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवले आहे. माझी थेट बस त्या दिवशी चुकली तरी चालेल.